विचारा की! कंदील विझला तर पेवात उतरायचं नाही

मंडळी, मागच्या अंकात लिहिलं होतं की जगभरातलं बरंच झालं, आता आपल्या सातारा-सांगलीतलं काहीतरी विचारा. तर तुम्ही एवढं विचारलंत की पत्रांची रास पडलीय आणि व्हॉट्सॲपवर तर मोजदादच नाही. सगळ्यांना उत्तरं देणं एका अंकात जमणार नाही, पण जे प्रश्न वाचून मी स्वतः खुर्चीतून उठून कपाटातली पुस्तकं काढली तेवढे घेतलेत. कुणाचं उत्तर लांबलंय, कुणाचं चार ओळीत आटोपलंय, तेवढं समजून घ्या.

ताई, मी कराडला आठवीत आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून समुद्र जवळ आहे असं बाबा म्हणतात, मग ती एवढं लांब आंध्रात कशाला जाते? आणि आमच्या प्रीतिसंगमावर दोन्ही नद्या समोरासमोर कशा काय येतात?

बाबांचं बरोबर आहे गं. कृष्णेचा उगम अरबी समुद्रापासून साधारण ६४ किलोमीटरवर आहे, पण ती तिकडं पाठ करून सुमारे १४०० किलोमीटर चालत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. कारण सह्याद्रीची ठेवणच तशी आहे, पश्चिमेला सरळ कडा तुटलेला आणि पूर्वेला जमीन हळूहळू उतरत गेलेली. माथ्यावर पडलेला थेंब कड्याच्या कुठल्या अंगाला पडला यावर त्याचं सगळं पुढचं ठरतं. क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात जिचं नाव कृष्णेबरोबर घेतात ती सावित्री कड्याच्या त्या बाजूनं कोकणात उतरते आणि बाणकोट-हरिहरेश्वरपाशी समुद्राला मिळूनसुद्धा जाते, तोवर कृष्णा आपली वाईच्या घाटावर असते.

कोयनेचं त्याहून वेगळं. ती पण महाबळेश्वरचीच, पण तिला दोन्ही बाजूंनी डोंगररांगांनी असं कोंडून धरलंय की ती पूर्वेला न जाता सह्याद्रीला समांतर सरळ दक्षिणेला धावते, आणि हेळवाकला आल्यावर तिला वाट सापडते तेव्हा कुठं पूर्वेला वळते. म्हणून कराडला पोचेपर्यंत ती कृष्णेच्या समोरूनच येते. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी उभी राहून बघ, दोन नद्या डोक्याला डोकं लावल्यासारख्या भिडतात आणि मग काटकोनात पूर्वेला वळतात. एकाच डोंगरावरून निघालेल्या दोघी, आणि भेटतात ते अशा. प्रीतिसंगम हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्यानं नीट बघून ठेवलंय असं मला दरवेळी वाटतं.

संगम माहुलीत खरंच कुत्र्याची समाधी आहे का? आमचा मुलगा विश्वास ठेवत नाही. (सातारा)

आहे, घेऊन जा त्याला. सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता, शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, आणि तो गेल्यावर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्याची समाधी बांधली गेली. वर दगडात घडवलेला कुत्रा बसलेला आहे.

ताई, मी पाटण तालुक्यातला. ६७ चा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं एवढंच आठवतं. तेव्हापासून ऐकतोय की धरणानं भूकंप झाला. पाण्यानं जमीन हलते हे मनाला पटत नाही. खरं काय ते सांगा.

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. सगळं गाव झोपेत असतानाची वेळ. तीव्रता ६.३, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर तर बसलंच, आणि धरणाच्या भिंतीलासुद्धा चिरा पडल्या, त्यानंतर ती भिंत मजबूत करून घ्यावी लागली.

तोपर्यंत शास्त्रज्ञ काय शिकवत होते, तर दख्खनचं पठार म्हणजे भक्कम, हलायचं नाही. आणि खरंच धरणात पाणी साठायला लागण्याआधी, म्हणजे १९६२ च्या आधी, या भागात मोठ्या भूकंपाची फारशी आठवण कुणाला नव्हती. पाणी चढायला लागलं तसे बारीक धक्के सुरू झाले आणि पाच-सहा वर्षांत हा मोठा. जलाशयामुळं झालेल्या जगातल्या भूकंपांमध्ये आपल्या कोयनेचाच सगळ्यात मोठा मानतात, जगभरच्या भूगर्भाच्या पुस्तकात शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, नाव असतं ते त्यामुळं.

आता पाण्यानं जमीन हलते कशी. पाणी एकटं काही करत नाही काका, तुमचा संशय तेवढा बरोबर आहे. खाली खडकात जुन्या भेगा आहेत, त्याच्या दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवर दाबला गेलाय आणि सरकायच्या तयारीत आहे, फक्त घर्षणानं अडून राहिलाय. दोन खरखरीत फरशा एकमेकींवर घट्ट दाबून धरल्या तर सरकत नाहीत ना, तसं. आता त्या फटीत पाणी झिरपलं आणि त्या पाण्याला वरच्या शंभर मीटर उंच साठ्याचा दाब मिळाला की ते पाणी दोन्ही बाजू आतून किंचित दूर ढकलतं, पकड ढिली होते आणि इतकी वर्षं अडलेलं सुटतं. म्हणजे ताण जमिनीचा आपला स्वतःचा, पाणी निमित्त. आणि म्हणूनच पावसाळा संपून धरण भरलं की धक्के वाढतात, आणि पुढं हिवाळ्यात पाणी उतरायला लागतं तेव्हा परत वाढतात. पाटणकडची माणसं हे अनुभवानं सांगतातच. आत्तापर्यंत ५ च्या वरचे वीसपेक्षा जास्त धक्के झालेत आणि सगळे त्याच लहानशा पट्ट्यात, आणि १९८५ नंतर वारणेचं धरण भरायला लागलं तसा तो पट्टा दक्षिणेला सरकला.

मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. हे सगळं नुसतं वरून अंदाज बांधून कळणार नाही म्हणून गोठणे गावाजवळ जमिनीत ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, त्याचं काम बघणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीत आहे. आपल्याकडं बोअर मारताना तीनशे फुटावर पाणी लागलं नाही की पोटात गोळा येतो, हे दहा हजार फूट. तर त्यात वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास नुसता काळा कातळ लागला, एकावर एक लाव्ह्याचे थर, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आणि तो संपला की एकदम ग्रॅनाइट, तो अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुना. मधे ना वाळूचा थर, ना गाळाचा. उघड्या ग्रॅनाइटवर येऊन लाव्हा सांडला आणि बसला. तुम्हाला आईनं उचलून अंगणात टाकलं त्या पहाटे जे सुटलं ते या खालच्या जुन्या खडकात सुटलं होतं.

महाबळेश्वरला चायनामन धबधबा आहे, ते नाव कसं पडलं? गाइडला विचारलं तर म्हणाला कुणी चिनी साहेब राहायचा. (सांगली)

साहेब नाही, कैदी. १८२९ मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा घेतली, गव्हर्नर माल्कमच्या नावानं माल्कमपेठ वसवली. मग हवा खायला येणाऱ्या साहेबलोकांना भाजीपाला पाहिजे, रस्ते पाहिजेत, आणि अशा पावसात कामाला माणसं मिळेनात. १८३४ मध्ये तिथं एक तुरुंग काढला आणि त्यात ठेवले मलायाकडून आणलेले चिनी आणि मलाय कैदी, साधारण १२० जण. हे कैदी तिथल्या बागांत राबायचे, विलायती भाज्या आणि बटाटा त्यांनीच तिथं पिकवून दाखवला. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला, बागा जिथं होत्या तिथल्या धबधब्याला त्यांचं नाव राहिलं.

आज आपण बाजारात महाबळेश्वरचा बटाटा, गाजर म्हणून कौतुकानं घेतो त्याची सुरुवात बेड्या पडलेल्या, समुद्रापल्याडच्या माणसांच्या हातनं झालीय. यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. पुढच्या वेळी तिथं गेलात तर पोरांना हे जरूर सांगा.

मेणवलीच्या घंटेवर बाई आणि बाळाचं चित्र आहे ते कुठल्या देवीचं? (वाई)

देवी नाही, ती मेरी आणि कडेवरचा बाळ येशू. चर्चची घंटा आहे ती, १७०७ साल कोरलेलं आहे आणि वजन साडेसहाशे किलो सांगतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून हत्तीवरून वाजतगाजत आणल्या गेल्या, आणि आपल्या लोकांनी त्या वितळवल्या नाहीत, देवळात टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला आहे, आणि मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेच्या घाटावर ही. महादेवासमोर मेरीची घंटा, अडीचशे-तीनशे वर्षं, कुणाचं काही अडलं नाही.

कासला जाऊन आलो. फुलं बघितली, फोटो काढले, पण गाइड म्हणाला की सीतेची आसवं मांसाहारी आहेत. एवढंसं जांभळं फूल काय खाणार? (इस्लामपूर)

खातं, पण फूल नाही खात. फूल बिचारं आपलं माशीची वाट बघत उभं असतं. खाणारी तोंडं खाली ओल्या मातीत आहेत.

मी एकदा सप्टेंबरात सकाळी लवकर गेले होते, वनखात्याच्या वाटेवरच आडवी होऊन नाक जमिनीला लावून भिंगातून बघत बसले. जाणारे येणारे विचारायचे काय हरवलं का ताई. तर तुम्ही पण असं एकदा बघा. फूल नखाएवढं, देठ दोऱ्यासारखा, आणि खाली मूळ म्हणावं असं काहीच नाही. या झाडाला मुळं नसतातच. त्याच्याऐवजी केसासारखे धागे आणि त्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. ती पिशवी आतलं पाणी बाहेर फेकून स्वतःला चेपून ठेवते, जशी आपण ड्रॉपरची रबरी टोपी दाबून धरतो तशी. तिच्या तोंडाला झडप आणि झडपेला बारीक केस. मातीतल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झडप आत उघडते, पिशवी फुगते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो, झडप बंद. या कुळातली जी भावंडं पाण्यात वाढतात त्यांच्यावर मोजमाप केलंय, हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो. वनस्पतींच्या जगात याच्यापेक्षा चपळ हालचाली फार थोड्या.

एवढा खटाटोप का, तर कास म्हणजे सडा आहे. खाली जांभा दगड, वर बोटभर माती, आणि पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस त्या मातीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. नायट्रोजन मिळणार कुठनं? म्हणून ज्यानं त्यानं आपापला बंदोबस्त केलाय, हिनं पिशव्या केल्या, तिथंच असलेल्या दवबिंदूनं पानावर चिकट थेंब धरले. २०१२ मध्ये कास जागतिक वारशात गेलं तेव्हापासून गर्दी वाढलीय, आणि लोक रीलसाठी फुलांच्या मधे जाऊन बसतात. हात जोडून सांगते, ती बोटभर मातीच त्यांचं सगळं आहे, एक बूट पडला की ती दबून घट्ट होते आणि ह्या पिशव्यांना लागणारं पाणी तिथं थांबतच नाही. आखलेली वाट सोडून पाय टाकू नका.

ताई, आमची मळी भिलवडीजवळ नदीला लागून आहे. मोटर चालू करायला जाताना सुसर पडलेली असते, तोंड उघडं टाकून. मालक म्हणतात ती अंगावर यायला तोंड उघडते. पोरांना नदीला पाठवायला भीती वाटते. ह्या कुठनं आल्या, पूर्वी एवढ्या नव्हत्या.

वहिनी, भीती खरी आहे, ती काढून टाका असं मी सांगणार नाही. पण आधी नाव. आपल्या काठावर तिला सुसर म्हणतात, पण ती मगर आहे. खरी सुसर लांब चिमट्यासारख्या तोंडाची असते आणि ती उत्तरेकडं चंबळ-गंगेत, कृष्णेत नाही.

आणि ह्या कुठनं आल्या नाहीत, इथल्याच आहेत. कातड्यासाठी मारून मारून सत्तर सालापर्यंत देशातनं मगर संपत आली होती, मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७५ पासून मगरी वाचवायची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून त्या पुन्हा दिसायला लागल्या.

तोंड उघडं टाकून पडते ते अंगावर यायला नाही, उन्हात डोकं तापायला लागलं की तोंडातनं उष्णता घालवते. तिला आपल्यासारखा घाम येत नाही. ऊन खायचं, तापली की तोंड उघडायचं, फारच तापली की पाण्यात, असा तिचा दिवस. अशी पडलेली मगर दिसतेय तोवर एका अर्थी बरं आहे, कारण ती कुठं आहे ते आपल्याला कळतंय. जी पाण्यात आहे आणि दिसत नाही तिच्यापासून जपायचं. गुडघाभर पाण्यात वाकून कपडे धुणं, घागर बुडवणं, जनावरं धुणं, संध्याकाळी मोटरच्या फूटव्हॉल्व्हला लागलेला कचरा हातानं काढणं, ह्या वेळा धोक्याच्या.

आणि आता तिच्या घरातलं सांगते. उन्हाळ्यात नदी आटली की ती काठाच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोन महिने राखण करते. आतल्या पिल्लाचा नर होणार का मादी हे खड्ड्याच्या उबेवर ठरतं. साडेबत्तीस अंशाच्या आसपास ऊब असली तर नर, त्याहून बऱ्यापैकी कमी असली तर माद्याच. म्हणजे खड्डा सावलीत केला का उन्हात, किती खोल केला, यावर पुढची पिढी ठरते. पहिल्या पावसाच्या सुमाराला पिल्लं अंड्यातनंच आवाज द्यायला लागतात, तो ऐकून आई माती उकरते आणि ज्या जबड्यानं ती हाडं मोडते त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. चेन्नईजवळच्या मगर केंद्रात तर बापसुद्धा हे काम करताना बघितलाय. त्याच केंद्रातलं आणखी एक निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, बगळे घरटी बांधायच्या दिवसात मगरी नाकाडावर काटक्या घेऊन पाण्यात निश्चल पडून राहतात, आणि काडी उचलायला पक्षी आला की झडप. जिला आपण दगडासारखी पडून असते म्हणतो तिला बगळ्याला काडी कधी लागते ते कळतं.

म्हणून उन्हाळ्याचे एप्रिल ते जूनचे दिवस सगळ्यात जपायचे, तेव्हा ती घरट्याजवळ असते आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. उकरलेली माती दिसली की लांबनं जा. महापुरात ती वस्तीत आली तर काठ्या घेऊन गर्दी करू नका, वनखात्याला फोन करा. ती पण आपल्यासारखीच पाण्याच्या धारेतनं बाहेर पडलेली असते.

मी आटपाडीचा आहे. आमच्याकडं स्वतंत्रपूर आहे, तिथं कैदी उघड्यावर राहतात, शेती करतात. पुण्यातल्या मित्रांना सांगितलं तर फेकतोय म्हणतात. थोडं लिहा की.

लिहिते की, त्यात फेकायचं काय. मित्रांना एवढं सांग की व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ ज्यावरून सुचला ती जागा हीच. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर तुमच्याच आटपाडीकडचे, माडगूळचे, तेव्हा त्यांना हे ऐकीव नव्हतं. १९५७ चा सिनेमा, पुढच्या वर्षी बर्लिनला त्याला बक्षीस मिळालं.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले तेच. त्यांनी १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता आपणहून प्रजेला देऊन टाकली, गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना केली आणि गावोगावच्या पंचायतींच्या हातात कारभार दिला. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. ह्या सगळ्यात राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर एक पोलंडचा इंजिनियर होता, मॉरिस फ्रीडमन, बंगळूरची नोकरी सोडून इथं खेड्यात येऊन राहिलेला. खुनाची शिक्षा झालेल्यांना भिंतीशिवाय ठेवायचं, जमीन द्यायची, बायकापोरांना जवळ राहू द्यायचं, ही कल्पना त्याची, आणि राजानं ती मान्य केली, त्याच १९३९ मध्ये. माणदेशातली कोरडी जमीन आणि त्यावर खुनाचे कैदी, पहारा नाही. आणि अजून ती वसाहत चालू आहे. आपल्याकडं राजा म्हटलं की तलवार आणि घोडा एवढंच शिकवतात, आणि औंधच्या म्हाताऱ्या राजानं केलेलं हे धाडस शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत पण येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताई, मी सांगलीत एमपीएससीची तयारी करतोय. ‘अफवांचं पेव फुटलं’ या वाक्प्रचारातलं पेव म्हणजे काय? सर म्हणाले जुनं कोठार. घरी आजी म्हणते हरिपूरला जाऊन ये, कळेल. नेमकं काय असतं ते?

आजीचं ऐक. सांगलीपासून चार किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर, आणि हळदीचं पेव म्हटलं की हरिपूर. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात या पेवांचा मोठा वाटा आहे.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं सुरईच्या आकाराचं कोठार. वर तोंड माणूस उतरेल एवढंच, आणि खाली पोट मोठं, पंधरा-वीस फूट, काही तीस फुटापर्यंत खोल. विटा नाहीत, सिमेंट नाही. हरिपूरची जमीनच अशी चिवट आहे की भिंती ढासळत नाहीत आणि पाणी झिरपत नाही, म्हणून ही पेवं तिथं झाली आणि चार मैलांवर नाही झाली. आत पाचट, कडबा, चटया लावायच्या, हळद ओतायची, तोंड बंद करून वर माती. मग वर्ष जाऊ दे, चार वर्षं जाऊ देत, हळदीला कीड नाही, उलट रंग चढतो म्हणतात व्यापारी.

कीड का नाही? आत कोंडलेली हवा थोडीच असते. हळदीवरची बुरशी, आत राहिलेले किडे हे सगळे श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. शेवटी किड्याला जगायला हवाच उरत नाही. औषध नाही, धुरी नाही, तोंड बंद करणं हेच औषध.

पण जे किड्याला तेच माणसाला. माझे मामा हळदीच्या पेठेत होते, शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर हरिपूरला जायची. पेव आदल्या दिवशी संध्याकाळी उघडून ठेवायचं आणि सकाळी आधी माणूस नाही, कंदील सोडायचा. घाई करून लगेच उतरलेली आणि वर न आलेली माणसं पूर्वी झालेली आहेत, म्हणून हा नियम सगळ्यांना पाठ. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाला बसून राहतो, वरनं काही दिसत नाही आणि वास तर फक्त हळदीचा येतो. जाता जाता सांगते, जुन्या विहिरी, गोबरगॅसच्या टाक्या, ड्रेनेजचे चेंबर इथं नुसत्या कंदिलावर विसंबू नका, तिथं दुसरे विषारी वायू असतात आणि ज्योत जळत असली तरी माणूस जातो.

आता वाक्प्रचार. पेव पूर्वी ज्वारीचीसुद्धा असायची, दख्खनभर. जमिनीच्या पोटात गुपचूप भरून ठेवलेलं धान्य, वरनं चालणाऱ्याला पत्ता नाही, आणि एकदा ते फुटलं की जिथं काल काहीच नव्हतं तिथं एकदम रास. अफवा, क्लासेस, पतसंस्था ह्यांना आपण पेव फुटलं म्हणतो ते त्यामुळं. परीक्षेत अर्थ लिहिशीलच, पण डोळ्यासमोर हे आण.

किती उरलीत म्हणशील तर थोडी. २००५ च्या महापुरात पाणी हरिपुरात शिरलं ते पेवातही उतरलं. आतली हळद भिजून सडली, ज्या भिंती इतकी वर्षं उभ्या होत्या त्या पाण्यात बसल्या. त्यानंतर व्यापारी गोदामांकडं आणि कोल्ड स्टोरेजकडं वळले, ते साहजिक आहे, त्यांना दोष देता येत नाही. पण आजी घरात आहे तोवर तिला बरोबर घेऊन जा, कुठं कुठं पेवं होती ती तिच्यासारखीच माणसं दाखवू शकतील, कारण बुजलेलं पेव वरनं नुसती जमीन दिसते.

मला आठवतं ते असं. मामा दोरी सोडतायत, कंदील गोल फिरत खाली चाललाय, कडेची माती पिवळी दिसतेय, दहा फूट, बारा फूट, आणि एका ठिकाणी ज्योत बारीक होते, लाल होते आणि जाते. ‘ओढा वर,’ एवढंच म्हणायचे, आणि सगळे हमाल लिंबाच्या सावलीला जाऊन बसायचे. कुणी तक्रार करायचं नाही, रोजंदारी बुडते म्हणायचं नाही. तासाभरानं परत कंदील पेटवायचा.